नाल्यापलीकडची राजदूत

राज्य कायद्याने चालतं. कायदा नसेल तर बळी तो कान पिळी अशी अवस्था येते आणि समाज रसातळाला जातो. हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं आहे, त्यामुळे खरं असणारच. आलापल्लीच्या पुढे मात्र १९८४ साली कायदा जीपमधून फिरत असे आणि पावसाळ्यात एका जुन्या राजदूत मोटरसायकलवरून. त्याचं नाव लटारू होतं. तो कान पिळत नसे, कारण तेवढ्याने त्याचं समाधान होत नसे.

लटारू हा वामनरावांचा माणूस. वामनराव हे देशी दारूचे परवानाधारक ठेकेदार. सरकारची दारू बाटलीत येते, तिच्यावर लेबल असतं, आणि वामनरावांच्या दुकानात पोचेपर्यंत तिच्यात दारू असते. त्यानंतरचं वामनराव जाणोत आणि त्यांच्या परसातली विहीर जाणे. गिऱ्हाईक तक्रार करी, पण दुसरीकडे जाई ते फक्त जंगलात. जंगलात मोहाची झाडं होती, मोहाची फुलं होती, आणि ती मडक्यात घालून चूल पेटवायला कुणाचा परवाना लागतो हे तिथल्या बायकांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम वामनरावांनी लटारूकडे दिलं.

लटारू मूळ गडचांदूरकडचा. तिथल्या चुनखडीच्या एका खाणीत तो आणि त्याचा मोठा भाऊ दगड फोडत. एका दुपारी न उडालेला सुरुंग का उडाला नाही हे पाहायला भाऊ वाकला आणि सुरुंग उडाला. भाऊ गोळा करायला मुकादमाने लटारूच्या हातात टोपली दिली. टोपली दगडाचीच होती, वेगळी आणायला वेळ नव्हता. त्या दिवशी लटारूने ठरवलं की यापुढे मोडायचं ते दुसऱ्याचं. माणसाच्या आयुष्याला असं एखादं ध्येय असलं की तो पुढे जातो. लटारू आलापल्लीपर्यंत आला.

उन्हाळ्यात त्याचं काम सोपं होतं. जीप गावात घालायची, आधी मडकी फोडायची, मग मडकीवाल्याला. मडकीवाला पळाला असेल तर जो सापडेल त्याला. यात व्यक्तिगत राग काही नसे. एप्रिलमध्ये येरमेट्टा गावात त्याने जंगू नावाच्या माडिया माणसाचा हात उखळाच्या काठावर ठेवला आणि वर दगड घातला. जंगूची दोन बोटं गेली. बोटं जंगूची, भट्टी त्याच्या बहिणीची. बहीण मंगली, चाळिशीतली विधवा. तिच्या हातच्या पहिल्या धारेची कीर्ती भामरागडपर्यंत होती. पहिली धार म्हणजे भट्टीतून सुरुवातीला उतरते ती. ती निखाऱ्यावर शिंपडली तर निळी पेटते, आणि माणसावर शिंपडली तर माणूसही. दगड खाली आला तेव्हा मंगलीने लटारूकडे नीट पाहून घेतलं, बाजारात बैल पाहावा तसं.

मग मृग लागला. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता, पण रस्ते बहुधा जुन्याच जिल्ह्यात राहून गेले होते. येरमेट्ट्याच्या वाटेवर दोन नाले. पहिला भरला की जीप अलीकडच्या काठावर उभी राही, आणि कायदाही तिच्याबरोबर. पलीकडे मंगलीने नवी मडकी मांडली. तिचा माल डोंग्यातून, म्हणजे कोरलेल्या लाकडी होडीतून, आठवडी बाजाराला जाऊ लागला आणि वामनरावांच्या दुकानात माशा बसू लागल्या. माशांनाही ती दारू विशेष आवडत नसावी.

वामनराव शांत माणूस होते. ते कधी आवाज चढवत नसत. आखाडीच्या सुमारास त्यांनी लटारूला ओसरीवर बोलावलं, पान लावलं, आणि पान स्वतःच खाल्लं.

"लटाऱ्या," ते म्हणाले, "पोयाच्या आत येरमेट्ट्याची भट्टी थंडी पाह्यजे. नाई झाली तं तुह्यासाठी गडचांदूरले शब्द टाकून ठेवला हाय. टोपली तेच देतीन."

टोपलीचं त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. लटारू घरी गेला आणि जेवला नाही.

वामनरावांच्या गोठ्यात एक राजदूत पडून होती, विजेच्या खात्यातल्या एका वायरमनकडून घेतलेली, दोन चाकं आणि बराचसा गंज. ती लटारूने ढकलत आरा गिरणीजवळच्या चिंचेखाली नेली. तिथे नथ्थू मिस्त्री बसत असे. नथ्थूचं मत असं होतं की मोटरसायकलीचा निम्मा भाग शोभेचा असतो आणि उरलेला निम्मा चुकीच्या जागी बसवलेला असतो. त्यामुळे त्याच्याकडून दुरुस्त होऊन आलेल्या गाड्या हलक्या असत. उरलेल्या सामानातून त्याने स्वतःच्या घराचं कुंपण केलं होतं.

"नाल्यातून जाणारी पाह्यजे," लटारू म्हणाला.

नथ्थूने विचारलं, नाल्यातून का नाल्यावरून? लटारूने त्याच्या कानाखाली दिली. ही लटारूची खुलासा करण्याची पद्धत होती.

नथ्थूने कामाला सुरुवात केली. पुढचं मडगार्ड काढलं, कारण चिखल त्यात अडकून चाक धरतो. मागचं काढलं, कारण पुढचं काढलं होतं. धुराचा पाइप खालून जात होता तो कापून वर घेतला आणि सीटच्या बाजूने मागे नेला, म्हणजे पाण्यात बुडायला नको. तेवढ्या जागेत सायलेन्सर बसेना म्हणून तो ठेवून दिला. इंजिनाला हवा घ्यायला सायकलची ट्यूब जोडून तिचं तोंड थेट हँडलपर्यंत आणलं. हँडल पाण्याच्या नळाचं केलं, हातभर रुंद, म्हणजे दगडधोंड्यात गाडी आवळून धरता येते. मागचं दातेरी चक्र मोठं घातलं. आता गाडी पळणार नव्हती पण ओढणार होती; बैलासारखी, आणि पेट्रोल पिणार होती वामनरावांच्या गिऱ्हाइकासारखी. इंजिनाच्या पोटाखाली त्याने तव्याएवढा जाड पत्रा ठोकला. पहिल्या चाचणीत पत्रा निघून लटारूच्या घोट्यावर बसला. लटारूने नथ्थूचा एक दात पाडला. दुसऱ्या चाचणीत पत्रा बसला, पण हँडल फिरलं आणि लटारू चिंचेच्या खोडावर बसला. नथ्थूचा आणखी एक दात गेला. प्रगतीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते.

तिसऱ्या खेपेला गाडी नीट चालली आणि नथ्थू तोंडावर फडकं धरून हसला.

पहिली स्वारी नागपंचमीनंतर झाली. दोन्ही नाले राजदूतने खरोखर पार केले. पाणी सीटला लागलं तरी इंजिन बंद पडलं नाही, आणि लटारूला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूबद्दल प्रेमासारखं काहीतरी वाटलं. अडचण एवढीच झाली की सायलेन्सर चिंचेखाली होता. गाडीचा आवाज गाडीच्या बराच आधी येरमेट्ट्यात पोचला. लटारू पोचला तेव्हा गावात मडकं नव्हतं, चूल नव्हती, माणूस नव्हता. एका झोपडीत एक म्हातारा होता, त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून तो राहिला होता. लटारूने त्याला नियमाप्रमाणे मारलं. म्हाताऱ्याचा पाय मोडला तेव्हा त्याने काय विचारलं ते लटारूला कळलं नाही, कारण तो माडियात विचारत होता. का, असंच असावं.

परतीच्या वाटेवर ऐनाच्या दोन झाडांच्या मध्ये माहुलाचा वेल बांधलेला होता, गळ्याच्या उंचीवर. माहुलाच्या वेलाने तिकडे घरं बांधतात, रानडुकरं बांधतात. तो वेगात अंगावर आला तर माणूस थांबतो आणि गाडी जाते. लटारू थांबला. सुदैवाने वेल गळ्याऐवजी खांद्याला लागला आणि फक्त खांद्याचं हाड मोडलं. तो उठून बसतो तोवर झाडीतून बायका आल्या. त्यांच्या हातात मुसळं होती. बायकांना मुसळाची सवय असते, त्यामुळे घाव एका लयीत आणि एका जागी पडतात. धान जसं, तशी लटारूची बरगडी. जंगूने कुऱ्हाड आणली होती. त्याने ती उचललीही.

मंगलीने त्याला थांबवलं. भावाशी ती माडियात बोलली, पण शेवटचं वाक्य तिने लटारूलाही कळावं म्हणून मराठीत म्हटलं.

"इथी मेला तं पोलीस येतीन. पंचनामा करतीन. आठ दिवस राहतीन. रोज कोंबडा लागते त्याईले."

गावात कोंबडे मोजकेच होते. त्यावर सगळ्यांचा विचार झाला आणि लटारूचा जीव वाचला. त्याला खाटेवर घालून अलीकडच्या नाल्याच्या अलीकडे आणून टाकण्यात आलं. गाडीलाही बांबू घालून चौघांनी आणलं, कारण ठेवून घेतली असती तर गाडी शोधायला पोलीस आले असते. खाट मात्र त्यांनी परत नेली.

वामनराव त्याला पाहायला आले. त्यांनी बरगड्या दुखतात का विचारलं, खांदा सांधायला किती दिवस लागतात ते विचारलं, आणि बोटांवर पोळा मोजून दाखवला. तेवढं करून ते गेले. लटारूला श्वास घेताना कळ येत होती. तरी बरगड्यांपेक्षा त्याला टोपली जास्त दिसत होती. खाणीत मोडलेल्या खांद्याचा माणूस सुरुंगाकडेच पाठवतात, कारण दगड उचलायला तो चालत नाही.

खांदा पुरता सांधण्याआधीच तो चिंचेखाली येऊन बसला.

या वेळी नथ्थूला मारायला त्याच्यात जोर नव्हता, म्हणून काम लवकर झालं. आरा गिरणीत सागाचे ओंडके चिरायच्या करवतीचं तुटलेलं पातं मिळालं. नथ्थूने हँडलच्या पुढे एक उभा अँगल वेल्ड केला, डोक्याच्याही वर जाईल एवढा, आणि त्याला ते पातं दात पुढे करून जोडलं. वेल येवो, दोर येवो, तार येवो, आधी पात्याला भेटेल. मागच्या चाकाला साखळी गुंडाळली, चिखलात पकड यावी म्हणून. उरलेली हातभर साखळी लटारूने कमरेला बांधली, पकड यावी म्हणूनच. पायांना रॉकेलच्या डब्याचे पत्रे. ती गाडी पाहून आरा गिरणीतली माणसं काम थांबवून उभी राहिली. एकाने विचारलं, हे काय लोकांना चिरायचं आहे का? नथ्थू म्हणाला, सध्या वेल.

पोळ्याच्या चार दिवस आधी, सकाळी, लटारू निघाला. आवाज आधी पोचणार हे या वेळी त्याला माहीत होतं. म्हणून दुसऱ्या नाल्याच्या आधी त्याने इंजिन बंद केलं, गाडी पाण्यातून ढकलत नेली, चढावर हातांनी ओढली. मोडका खांदा पुन्हा आतून करकरला. गावाच्या वरच्या उतारावर पोचल्यावर तो बसला, गाडी न्यूट्रलमध्ये सोडली आणि निम्म्या उतारावर गिअर टाकला. इंजिन फुटल्यासारखं सुरू झालं. ऐनांमधला वेल तिथेच होता. पात्याने तो कापला. ताणलेला वेल चाबकासारखा मागे गेला आणि झाडामागे दबा धरून बसलेल्या जंगूच्या कानशिलावर बसला. कान निम्मा सुटून लोंबू लागला. जंगूने तो एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने कुऱ्हाड घेतली आणि धावत सुटला.

मंगलीची भट्टी ओढ्याकाठी होती. मडक्यावर मडकं, मधून बांबूची नळी, खाली जाळ. लटारूने ब्रेक लावला नाही. पहिलं मडकं पुढच्या चाकाने फोडलं, दुसरं पोटाखालच्या पत्र्याने, तिसरं त्याने उभं राहून लाथेने. एक डुक्कर मध्ये आलं, ते साखळीच्या चाकाखाली गेलं आणि त्याचं ओरडणं इंजिनापेक्षा वर गेलं. मंगली पळाली नाही. तिच्या हातात भोपळ्याचं डवलं होतं आणि एका फुटक्या मडक्याच्या बुडात मोहाचा चोथा अजून उकळत होता. तिने डवलंभर चोथा त्याच्या मांडीवर फेकला. रॉकेलच्या डब्याचा पत्रा गुडघ्यापर्यंतच होता. चोथा पत्र्याच्या आत उतरला आणि तिथेच राहिला. लटारू किंचाळला, कमरेची साखळी सोडली आणि फिरवली. साखळी मंगलीच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज लटारूच्या ओळखीचा होता. त्याचा स्वतःचा मोडला होता तोच खांदा, तीच बाजू. मंगली खाली बसली.

तेवढ्यात जंगू पोचला. एका हाताने कान धरून मारलेली कुऱ्हाड नेमकी बसत नाही. ती लटारूच्या मांडीसाठी होती, लागली पेट्रोलच्या टाकीला. टाकी फुटली. पेट्रोल उतारावरून निखाऱ्यांकडे निघालं, आणि निखारे त्याची वाटच पाहत होते. लटारूने गाडी तशीच ओढ्यात लोटली म्हणून ती वाचली. भट्टी, भट्टीवरचं छप्पर, बाजूला साठवून ठेवलेली मोहफुलं, सरपण, सगळं एका भडक्यात गेलं. येरमेट्ट्याची भट्टी थंड करायची होती, त्याआधी ती इतकी तापली.

जाळ बसल्यावर लटारू विजयी झाला. तो ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. मांडी सोलली होती, पोटरीची कातडी पत्र्याला चिकटली होती, टाकी रिकामी होती, मागे दोन भरलेले नाले होते आणि पुढे अख्खं गाव, कुऱ्हाडी आणि तिरकमठ्यांसह. सकाळपासून नाल्यांचं पाणी इतकं चढलं होतं की डोंगा घालायला कुणी तयार नव्हतं. त्याला चालता येत नव्हतं. गाव त्याच्याभोवती बसलं. त्याने साखळी हातात धरली. जंगूच्या कानाला कुणीतरी पाला बांधला. जंगू पुन्हा पुन्हा उठत होता आणि लोक त्याला पुन्हा पुन्हा बसवत होते, कारण कोंबड्यांचा प्रश्न अजून सुटला नव्हता. उलट आता डुक्करही गेलं होतं.

दुपार झाली. मंगली एका हाताने दुसरा हात सावरत ओढ्याच्या काठावर आली.

"काऊन थांबला? जा ना."

"पेट्रोल नाई," लटारू म्हणाला.

"ते काय असते?"

"जळते ते. ते जळते म्हून गाडी चालते."

मंगलीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती शेताच्या बांधाकडे गेली आणि एका पोक्त बाईकडून माती उकरून घेतली. आत मडकं होतं, तोंडाला पळसाची पानं बांधलेलं. गावच्या देवासाठी दोनदा उतरवलेली धार होती ती, माणसांसाठी नव्हती. त्यातली घोटभर तिने राखेतल्या निखाऱ्यांवर शिंपडली. निळा जाळ उठला आणि पुरुषभर उंच गेला.

"हे जळते," ती म्हणाली. "जाऊन राह्य मंग."

टाकीचं भोक चिंधीने आणि धावड्याच्या डिंकाने बुजवलं. या इंजिनाला तेल मिसळावं लागतं, नाहीतर ते जाम होतं, हे लटारूला ठाऊक होतं. गावात तेल एकच होतं, मोहाच्या बियांचं, टोरीचं. ते घातलं. अशा रीतीने गाडीत वरपासून खालपर्यंत मोहाचंच झाड भरलं. ज्यांनी सकाळपासून त्याला मारायची वाट पाहिली होती त्याच आठ जणांनी मिळून धक्का दिला. इंजिन खोकलं, थुंकलं, मग भलत्याच आनंदाने सुरू झालं. वाटेत टाकीत ओतायला मंगलीने सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात धार भरून हँडलला बांधून दिली. प्रेमाने नव्हे. मध्येच बंद पडून तो परत येऊ नये म्हणून.

लटारू आलापल्लीत शिरला तेव्हा दुकानं उघडी होती. गाडी सरळ जात नव्हती, आणि तो चालवत होता म्हणून नव्हे. मागून निघणारा धूर ज्याच्या ज्याच्या नाकाशी गेला तो तो दुकानाबाहेर आला. आरा गिरणीपासून ओसरीपर्यंत तीसेक माणसं गाडीच्या मागे, वरात चालावी तशी, धूर हुंगत चालत आली. वामनराव ओसरीवर होते. त्यांनी लटारूची मांडी पाहिली नाही, खांदा पाहिला नाही. त्यांनी धुरामागून आलेल्या गिऱ्हाइकांचे चेहरे पाहिले, म्हणजे स्वतःच्याच गिऱ्हाइकांचे.

तुंब्यात बोटभर उरली होती. वामनरावांनी ती हातावर घेतली, हुंगली, जिभेला लावली. मग बराच वेळ ते विहिरीकडे पाहत राहिले. त्या धारेत विहीर ओतली असती तरी ती सरकारी बाटलीपेक्षा कडक राहिली असती, एवढं त्यांच्यासारख्या जाणकाराला जिभेवरच कळलं.

"भट्टी?" त्यांनी विचारलं.

"फोडली, शेठ. जाळली. राख हाय फक्त," लटारू म्हणाला. हे वाक्य त्याने दोन्ही नाले ओलांडताना मनात म्हणून ठेवलं होतं.

वामनराव उठले. त्यांनी पायातली वहाण काढली आणि लटारूच्या तोंडावर मारली. मग दुसऱ्या गालावर. शांतपणे, आवाज न चढवता, हात दुखेपर्यंत. लोक पाहत होते. भाजलेला पाय वाकवून लटारू मार खात राहिला. येरमेट्टा सोडलं तर तीन जिल्ह्यांत त्याच्यावर हात उचललेला माणूस जिवंत राहिला नसता, पण हा हात गडचांदूरला पोचणारा होता.

"कोणाले इचारून जाळली?"

"तुमीच तं म्हणलं, शेठ."

"पोयापर्यंत उभी पाह्यजे. ते बाई म्हणन ते करायचं. नाईतं टोपली हाय."

मग कुंभाराकडची नवी मडकी गवतात बांधून राजदूतच्या दोन्ही बाजूंना लटकवण्यात आली आणि भाजलेल्या मांडीला हळद लावून लटारू पुन्हा दोन नाले ओलांडून गेला. या वेळी त्याने आवाज होऊ दिला. गावाने पळायचं कारण नव्हतं. मंगलीच्या अंगणात त्याने वामनरावांचा निरोप सांगितला: भट्टी लाव, सगळा माल आम्ही घेऊ, कुणी अडवणार नाही. ती ऐकत होती. तिचा खांदा बांबूच्या कामट्यांत बांधलेला होता. तिने भावाकडे पाहिलं. जंगूने उखळ ओढत अंगणाच्या मध्यभागी आणलं आणि बाजूला एक दगड ठेवला. आपल्या हातावरची गेलेल्या बोटांची जागा पुढे धरून त्याने किती ते दाखवलं.

लटारूने दगडाकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं. गाडीचं तोंड आलापल्लीकडे होतं, म्हणजे पुढे गडचांदूरकडे. त्याच्या भावाचं टोपलीत काय काय आलं होतं ते त्याने एकदा आठवलं आणि ताडून पाहिलं. दोन बोटं त्या मानाने काहीच नव्हती.

उजव्या हाताने गाडीची मूठ पिळावी लागते, म्हणून त्याने डावा ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं. बाकीची आत मुडपली.

"एकाच घावात," तो म्हणाला.

जंगूला तीन लागले. त्याच्या हाताला पकड राहिली नव्हती; ती लटारूनेच एप्रिलमध्ये काढून घेतली होती. त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. तिसऱ्या घावाला लटारूने जीभ चावली आणि तोंडातून रक्त आलं. मंगलीने राख आणून त्याच्या हातावर दाबली, त्याच राखेच्या ढिगातली. मग तिने त्याला माती कालवायला बसवलं, कारण चूल बांधायची होती आणि तिचा एक हात बांधलेला होता. दोघांचे मिळून दोन हात चांगले होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी पहिली धार उतरली. जंगूने आधी थोडी जमिनीवर सांडली, मग थोडी स्वतः घेतली, आणि लटारूला दिली नाही.

क्लच डाव्या हाताचा असतो. दोन बोटं गेल्यावर तो दाबता येईना, म्हणून नथ्थूने त्याची दांडी लांब करून वाकवली आणि तीन बोटांवर भागेल अशी केली. करवतीचं पातं काढून आरा गिरणीला परत दिलं. अँगल तेवढा ठेवला. त्याला डबे बांधायला बरं पडतं. सायलेन्सर लावायचा का, हे नथ्थूने विचारलं. लटारू म्हणाला, नको, आवाज आला की ते डबे भरून ठेवतात. नथ्थूला त्या दिवशी मार पडला नाही, आणि त्यालाच जरा चुकल्यासारखं वाटलं.

आता पावसाळाभर दर बाजाराच्या आदल्या दिवशी लटारू येरमेट्ट्याला जातो. नाल्यांना कितीही पाणी असलं तरी ती गाडी जाते. त्या बाजूला दुसरं कुठलंच वाहन जात नाही. वामनरावांच्या बाटल्यांवर लेबल पूर्वीचंच आहे. सरकारी दारू हल्ली सुधारली असं गिऱ्हाईक म्हणतं. जंगू अजूनही लटारूशी बोलत नाही. मंगली बोलते, पण कामापुरतं.

रिकामे डबे त्याला ओढ्यावर धुऊन द्यावे लागतात.